कोलेस्टेरॉल दिलं, एमडीए वाढलं. पण ऑक्सिडीकरण नेमकं झालं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात फार्मकॉलॉजीत एम. फार्म. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विस्टार जातीच्या उंदरांना ८ आठवडे १ टक्का कोलेस्टेरॉल, ०.५ टक्का कोलिक अ‍ॅसिड आणि खोबरेल तेल घातलेलं खाद्य दिलं. सीरममधलं कोलेस्टेरॉल जेमतेम दीडपट झालं. यकृतातलं एमडीए (मॅलॉनडायअल्डिहाइड, चरबीच्या ऑक्सिडीकरणातून बनणारा पदार्थ) मात्र दुपटीवर गेलं आणि ग्लुटाथायोन हे पेशीचं संरक्षक संयुग उतरलं. एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज) हे बचावाचं एन्झाइम काही उंदरांत वाढलं, काहींत घटलं. ज्या गटाला सोबत जवसाचं तेल दिलं, त्यात कोलेस्टेरॉल उतरलं पण एमडीए आणखी चढलं. गाइड म्हणतात रीडिंग चुकलं. थिसिसमध्ये काय लिहू?

तुमचं रीडिंग चुकलं असं मी लगेच म्हणणार नाही. जवसाच्या गटात जे दिसलं ते रसायनशास्त्राला धरूनच आहे, त्याकडे मी येतो. पण ‘कोलेस्टेरॉलयुक्त आहारामुळे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढला’ (म्हणजे ऑक्सिडीकरणाचा ताण शरीराच्या बचावापेक्षा जास्त झाला) हे वाक्य लिहिण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे हवं. हे ऑक्सिडीकरण झालं कुठे? खाद्याच्या डब्यात, उंदराच्या शरीरात, की तुमच्या टेस्ट ट्यूबमध्ये? तिन्ही ठिकाणी ते होतं, आणि शेवटी एमडीएच्या चाचणीत थायोबार्बिट्युरिक आम्लाने येणारा जो गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजता त्यात तिघांचीही भर असते. गेली पंचवीस वर्षं मी हे प्रयोग करतो आणि करून घेतो. परीक्षक म्हणून वाचलेल्या बहुतेक थिसिसमध्ये पाणी इथेच मुरतं.

डब्यापासून सुरुवात करू, कारण नागपुरात तोच सगळ्यात मोठा चोर आहे. पूर्वी मी एका कॉलेजात असताना आमचा असाच एक प्रयोग मार्चमध्ये सुरू झाला. पेलेट दळून, त्यात कोलेस्टेरॉल आणि तेल कालवून महिन्याभराचं खाद्य एकदाच करून ठेवलं होतं. पत्र्याचे डबे पश्चिमेच्या खिडकीखाली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी डबा उघडला तेव्हा जुन्या दिव्याच्या तेलासारखा वास आला आणि बोटाला चिकट लागलं. खाद्य खवट झालं होतं. कंट्रोल गटालाही त्याच साठ्यातलं तेल जात होतं, त्यामुळे कंट्रोलचं एमडीएसुद्धा चढलं आणि गटांमधला फरकच दिसेना. बेचाळीस जनावरं वाया गेली. ते मला अजून लागतं, कारण प्रयोग पुन्हा करता येतो, जनावर परत आणता येत नाही.

खवटपणा म्हणजे दुसरं काय, तेलाचं ऑक्सिडीकरणच. असं तेल पोटात गेलं की त्यातली पेरॉक्साइडं आणि अ‍ॅल्डिहाइडं यकृतापर्यंत पोचतात आणि तुम्ही ती ‘कोलेस्टेरॉलचा परिणाम’ म्हणून मोजता. कोलेस्टेरॉलची पूडही यातून सुटत नाही. उघड्या बाटलीत, उजेडात, उन्हाळ्यात ठेवलेल्या कोलेस्टेरॉलपासून ७-कीटोकोलेस्टेरॉलसारखी संयुगं तयार होतात, त्यांना ऑक्सिस्टेरॉल म्हणतात. १९७० च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत दिसलं की साठवणीतल्या कोलेस्टेरॉलमधली ही ऑक्सिडीकृत भेसळ वेगळी काढून दिली तरी धमनीच्या भिंतीला इजा होते. म्हणजे जुन्या बाटलीतलं कोलेस्टेरॉल आणि ताजं कोलेस्टेरॉल हे दोन वेगळे पदार्थ धरावेत.

यावर उपाय महागडा नाही. खाद्य आठवड्यापुरतंच करा, हवाबंद डब्यात डीप फ्रीझरमध्ये ठेवा, पिंजऱ्यातलं उरलेलं रोज सकाळी काढून तोलून टाका. आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेलात पेरॉक्साइडं किती आहेत तो आकडा, काढा. पोटॅशियम आयोडाइड आणि सोडियम थायोसल्फेटचं साधं टायट्रेशन आहे, बी. फार्म.च्या मुलांनाही जमतं. शुद्ध केलेल्या खाद्यतेलासाठी कोडेक्सची मर्यादा किलोला १० मिलिइक्विव्हॅलंट आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. पेरॉक्साइडं आधी वाढतात आणि पुढे फुटून त्यांची अ‍ॅल्डिहाइडं होतात, त्यामुळे फार जुन्या तेलाचा आकडा फसवा कमी येऊ शकतो. म्हणून अ‍ॅनिसिडीन व्हॅल्यूही (अ‍ॅल्डिहाइडांचं मोजमाप) काढावी. नागपुरात लक्ष्मीनारायण संस्थेत तेलाच्या तंत्रज्ञानाची फार जुनी परंपरा आहे, त्या बाजूच्या कुणाला विचारलंत तर हे काम शिकवणारी माणसं मिळतील.

आता जवस. विदर्भात आपण जवसाची चटणी खातो, म्हणून ते तेल अँटिऑक्सिडंट असणार असं गृहीत धरून मुलं सिनॉप्सिस लिहितात. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध आहेत, आणि दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघतो. लिपिड पेरॉक्सिडेशनची साखळी नेमकी तिथून सुरू होते. खोबरेल तेल जवळजवळ सगळं संपृक्त, त्यात ओढून काढायला असा हायड्रोजन फारसा नसतोच. जवसातली आम्लं आठ आठवड्यांत उंदराच्या पेशींच्या पडद्यांत जाऊन बसतात. मग तोच पडदा एमडीए जास्त देतो, कारण एमडीए बहुअसंपृक्त आम्लं तुटूनच बनतं. तेव्हा कोलेस्टेरॉल उतरणं आणि एमडीए चढणं यात विसंगती नाही. तुमच्या गाइडना हे समजावून सांगा. मात्र दोन गटांच्या खाद्यात ई जीवनसत्त्व सारखं होतं का, तेल ताजं होतं का, हे आधी तपासा. ते ठाऊक नसेल तर जवस चांगलं की वाईट यावर एक अक्षर लिहू नका.

दुसरा मुद्दा, उंदीर. कोलेस्टेरॉल दीडपटच झालं म्हणून तुम्ही खट्टू झालात, पण उंदराचं शरीरच तसं आहे. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह आणि खालातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना चारलं आणि धमन्यांत चरबीचे थर दाखवले. उंदरांवर तो प्रयोग तसा उतरला नाही. ससा शाकाहारी, त्याच्या आहारात कोलेस्टेरॉल नसतंच, आणि आलेल्या जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लांत रूपांतर करून बाहेर टाकण्याची ताकद तोकडी. खाद्यात १ टक्का कोलेस्टेरॉल घातलं तर त्याच्या रक्तातला आकडा डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपासवरून काही आठवड्यांत १००० च्या वर जातो. उंदीर उलट. कोलेस्टेरॉल वाढलं की त्याचं यकृत ७-अल्फा-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम वाढवतं आणि जादा माल पित्ताम्लांच्या रूपाने बाहेर काढतं. त्याच्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएल या ‘चांगल्या’ म्हणवल्या जाणाऱ्या कणांत असतं, आणि एचडीएलमधून ‘वाईट’ एलडीएलकडे ते नेणारं सीईटीपी हे प्रथिन त्याच्याकडे नाही.

म्हणूनच आपण कोलिक अ‍ॅसिड घालतो. त्याने आतड्यातून कोलेस्टेरॉल जास्त शोषलं जातं आणि ते ७-अल्फा-हायड्रॉक्सिलेज दबतं. पण कोलिक अ‍ॅसिड स्वतः यकृताला त्रास देतं, तिथे दाह निर्माण करतं. तुमच्या वर्णनात फक्त कोलिक अ‍ॅसिड दिलेला गट नाही. मग यकृतातलं ग्लुटाथायोन कोलेस्टेरॉलने उतरलं की कोलिक अ‍ॅसिडने, हे तुम्ही सांगू शकत नाही. काही ठिकाणी यात प्रोपिलथायोयुरॅसिलही घालतात, थायरॉइड दाबायला. त्याने तर अख्खा चयापचयच मंदावतो आणि ऑक्सिजनचा वापर बदलतो, मग ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या आकड्यांचा अर्थ लावणं फारच अवघड. तुम्ही ते वापरलं नाही, हे चांगलं केलं.

आणखी एक. उंदरांच्या थिसिसमध्ये एलडीएलचा आकडा थेट न मोजता फ्रीडवाल्डच्या सूत्राने, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडवरून, काढलेला हमखास दिसतो. ते सूत्र १९७२ मध्ये माणसाच्या उपाशीपोटी घेतलेल्या रक्तासाठी मांडलं गेलं. उंदराला लावू नका. अंश वेगळे करून मोजता येत नसतील तर एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड एवढंच लिहा, त्यात कमीपणा नाही.

मग ससाच घ्यावा का? धमनीचा प्रश्न असेल तर उंदरावर भागवणं म्हणजे दुधाची तहान ताकावर. पण सशाची स्वतःची भानगड आहे. महिना-दोन महिने कोलेस्टेरॉल दिलेल्या सशाचं रक्त तुम्ही एकदा पाहायला हवं. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की खाली लाल थर आणि वर पिवळसर पाण्याऐवजी दाट सायीच्या दुधासारखं पांढरं सीरम. नळी तिरपी केली तर काचेला चिकटून हळूहळू उतरतं. ही गढूळता ४१२ नॅनोमीटरला (ग्लुटाथायोनची चाचणी) आणि ५३२ ला (एमडीएची) दोन्हीकडे प्रकाश अडवते, त्यामुळे नमुन्याचा स्वतःचा ब्लँक (रंग आणणारं रसायन न घालता केलेलं मोजमाप) न घेता घेतलेलं रीडिंग खोटं. वर या सशांच्या तांबड्या पेशी नाजूक होऊन फुटतात. अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा किंवा संत्र्याच्या सालीसारख्या कशाचा अभ्यास असेल तर मी गिनिपिग सुचवतो. क जीवनसत्त्व त्यालाही आपल्यासारखं शरीरात बनवता येत नाही, आणि त्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल मुख्यतः एलडीएलमध्येच असतं. उंदीर आणि ससा दोघेही क जीवनसत्त्व स्वतः बनवतात. १९९२ पासून एपीओई हे जनुक काढून टाकलेले माइस (लहान जातीचे उंदीर) मिळतात, त्यांच्यात साध्या खाद्यावरही धमन्यांत थर चढतात, पण त्यांची किंमत आणि निगा प्रत्येक कॉलेजच्या आवाक्यातली नाही.

तिसरी जागा टेस्ट ट्यूब. इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण तुमच्या ‘दुप्पट एमडीए’चं मर्म बहुधा इथे आहे. कोलेस्टेरॉल आणि कोलिक अ‍ॅसिड दिलेल्या उंदराचं यकृत कापून शेजारी ठेवा. कंट्रोलचं गडद तपकिरी, घट्ट. याचं फिकट, पिवळट, कडा बोथट झालेल्या, बोटाखाली लोण्यासारखं मऊ, आणि होमोजिनेट (यकृताचं वाटण) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर वर चरबीचा तवंग. आता दोन्हींतून प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे तुम्ही एमडीए काढता. दुसऱ्या नळीत मुळात चरबीच कितीतरी जास्त गेलेली आहे. थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत ९५ अंशांवर तासभर तापवताना त्या चरबीचं तिथल्या तिथे नव्याने ऑक्सिडीकरण होतं, उतींतलं लोह त्याला हातभार लावतं. जळण जास्त म्हणून धूर जास्त. जनावर जिवंत असताना किती पेटलं होतं हे त्यावरून समजत नाही. शिवाय हा गुलाबी रंग एकट्या एमडीएचा नाही, इतर अ‍ॅल्डिहाइडं, काही शर्करा, पित्तरंजकं सगळी त्यात सूर मिसळतात.

म्हणून होमोजिनेट करतानाच त्यात बीएचटी हे अँटिऑक्सिडंट आणि लोह बांधून ठेवणारं ईडीटीए घाला, म्हणजे नळीतली साखळी तुटते. प्रत्येक नमुन्याचा थायोबार्बिट्युरिक आम्लाशिवायचा ब्लँक ठेवा. आकडा प्रथिनामागे द्याच, पण यकृतातल्या एकूण लिपिडमागेही द्या. दोन्ही तऱ्हेने वाढ टिकली तर बोलता येईल. एचपीएलसी या पृथक्करणाच्या तंत्राने एमडीएचा पट्टा वेगळा काढता आला तर उत्तम. शरीरातच चरबीच्या ऑक्सिडीकरणातून बनणारी, १९९० मध्ये उजेडात आलेली एफ२-आयसोप्रोस्टेनं हा आज सर्वांत भरवशाचा निर्देशक मानला जातो, ती मोजणं महाग असतं, पण निदान तुमच्या चर्चेत त्यांचा उल्लेख असू द्या.

ग्लुटाथायोनचं तर विचारूच नका, ते मिनिटांत बिघडतं. उंदराला रात्रभर उपाशी ठेवलं की यकृतातलं ग्लुटाथायोन आपोआप उतरतं, आणि दिवसाच्या वेळेनुसारही ते हलतं. सकाळी कंट्रोल गट आणि दुपारी कोलेस्टेरॉलचा गट असं कापलंत तर तुम्ही मोजता तो फरक घड्याळाचा. सगळ्या गटांतलं एकेक जनावर आळीपाळीने घ्या. यकृत थंड सलाइनने आतून धुवा, पांढुरकं होईपर्यंत, कारण राहिलेल्या रक्ताच्या तांबड्या पेशींत कॅटलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम) आणि एसओडी भरपूर असतं आणि ते यकृताच्या नावावर चढतं.

एसओडी काहींत वर आणि काहींत खाली, यामुळे गाइड रागावले असतील, पण यात मला सर्वांत कमी आश्चर्य वाटतं. सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं क्रियाशील रूप, वाढायला लागलं की पेशी आधी बचावाची एन्झाइमं वाढवते. ताण लांबला की तीच एन्झाइमं बळी पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड तांबे-जस्तवाल्या एसओडीला निकामी करतं, सुपरऑक्साइड कॅटलेजला रोखतं. म्हणजे चौथ्या आठवड्यात वाढ आणि बाराव्यात घट, दोन्ही एकाच गोष्टीचे टप्पे असू शकतात. तुम्ही एकाच दिवशी कापलंत, आणि प्रत्येक उंदीर आपापल्या टप्प्यावर होता. एसओडीच्या एका आकड्यावरून शितावरून भाताची परीक्षा होत नाही. विखुरलेले आकडे सरासरीत दडवू नका, प्रत्येक उंदराचा बिंदू आलेखावर दाखवा. त्यासोबत प्रत्येकाचं खाद्य किती गेलं तेही तपासा. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, अ‍ॅनिमल हाऊसचा एसी दोन दिवस बंद पडला तरी उंदीर अर्धं खाद्य टाकून देतात. कोलेस्टेरॉलची मात्रा घटते, आणि उष्णतेचा ताण स्वतःच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढवतो. २२ अंशांच्या आसपासची खोली हा नियमांच्या कागदापुरता विषय नाही. कूलर लावून भागवलं तर दमटपणा आणि पिंजऱ्यातला अमोनिया वाढतो.

आता मूळ प्रश्न. जनावरात खरंच काही होतं का? होतं, आणि त्याचा चांगला पुरावा यकृतापेक्षा महाधमनीत आहे. १९९३ मध्ये कोलेस्टेरॉल चारलेल्या सशांच्या महाधमनीत सुपरऑक्साइडची निर्मिती सुमारे तिप्पट झाल्याचं दाखवलं गेलं. ते सुपरऑक्साइड धमनी सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला गिळून पेरॉक्सिनायट्राइट बनवतं, आणि धमनी सैल पडायचं विसरते. हे डोळ्यांनी दिसतं. ऑर्गन बाथमध्ये (उती जिवंत ठेवणाऱ्या द्रावाच्या भांड्यात) महाधमनीची दोन मिलिमीटरची कडी टांगा, फेनिलेफ्रिनने आकसवा, मग अ‍ॅसिटिलकोलीन घाला. निरोगी कडीच्या ताणाची रेघ सरळ खाली उतरते. कोलेस्टेरॉलवाल्या सशाची थोडी उतरते आणि अडते. मग सोडियम नायट्रोप्रुसाइड घातलं की तीही पूर्ण उतरते, म्हणजे स्नायू ठीक आहे, बिघाड आतल्या अस्तरात. ही एक रेघ मला एमडीएच्या दहा तक्त्यांपेक्षा जास्त सांगते. सुपरऑक्साइड येतं कुठून, तर भिंतीतल्या एनएडीपीएच ऑक्सिडेजमधून, झँथिन ऑक्सिडेजमधून, आणि गाडी रुळावरून घसरलेल्या नायट्रिक ऑक्साइड सिंथेजमधूनही. यकृतात वेगळी वाट आहे, तिथे कोलेस्टेरॉल मायटोकाँड्रियाच्या पडद्यात साचलं की ग्लुटाथायोन आत शिरायला अडथळा येतो आणि मायटोकाँड्रिया उघडे पडतात.

माणसांबद्दल लिहिताना हात आखडता घ्या. दोनशे ग्रॅमचा उंदीर दिवसाला १५ ते २० ग्रॅम खाद्य खातो. १ टक्क्याने त्याच्या पोटात १५० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल गेलं, म्हणजे जवळपास एका अंड्यातलं. वजनाच्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला दिवसाला दोनशेहून अधिक अंडी. खाद्याच्या टक्केवारीने मोजलं तरी वीस-पंचवीस. तुमच्या निष्कर्षावरून कुणी अंडं सोडावं असं त्यात काही नाही. ‘अँटिऑक्सिडंट दिल्याने हृदय वाचेल’ हेही लिहू नका. १९८७ मध्ये जन्मतःच कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या वातानाबे सशांत प्रोब्युकॉल या अँटिऑक्सिडंट गुणाच्या औषधाने धमनीतले थर कमी झाले, म्हणून आशा फार वाढल्या होत्या. मग होप या चाचणीत साडेनऊ हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना साधारण साडेचार वर्षं रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं, आणि २००० साली निकाल आला तो असा की हृदयविकाराला त्याचा फायदा नाही.

तर थिसिसमध्ये लिहा: या खाद्यावर, या कालावधीत, यकृतात चरबी साचली आणि थायोबार्बिट्युरिक आम्लाशी रंग देणारे पदार्थ वाढले, कोलिक अ‍ॅसिडचा वाटा वेगळा करता आलेला नाही, जवसाच्या गटातली वाढ पडद्यांतल्या बहुअसंपृक्त आम्लांशी सुसंगत आहे. नवे उंदीर मागवण्यासाठी प्राणिप्रयोगांच्या समितीकडे लगेच फॉर्म बी (परवानगीचा अर्ज) पाठवू नका. डीप फ्रीझरमध्ये उणे ८० ला यकृताचे तुकडे शिल्लक असतील तर आधी त्यांतलं एकूण लिपिड काढा आणि एमडीए बीएचटी घालून पुन्हा मोजा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले तुकडे पॅथॉलॉजीला द्या. आणि खाद्याच्या डब्याच्या तळाशी मूठभर जरी उरलं असेल, तर त्याची पेरॉक्साइड व्हॅल्यू आजच काढा.